बाळंतिणीच्या दारात सरकार

आमच्याकडे बाळ पाच दिवसांचं झालं की पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून घरातल्या बायका जागतात. लहानपणी मला ही रात्र सणासारखी वाटायची. त्या जागरणात किती भीती होती हे मोठेपणी कळलं. नाळेच्या जखमेतून शिरलेला धनुर्वात साधारण तिसऱ्या दिवसानंतर दिसायला लागतो. बाळ अंगावर ओढेनासं होतं, जबडा बसतो, अंग ताठतं आणि आठवडाभरात सगळं संपतं. नाळ घरातल्या विळ्यानं कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, ही रीत होती. जंतू कुणाला माहीत नव्हते, पण बाळं याच दिवसांत जातात हे बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं होतं. माझ्या आजीला आठ मुलं झाली, चार राहिली. गेलेल्यांपैकी दोघांबद्दल ती एवढंच सांगायची, “पाचवी झाली अन् गेलं.”

त्याच आजीची लेक, म्हणजे माझी आई, पुढे सरकारी नर्स झाली. तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा, त्याच्या पूर्वेकडची पाथर्डीची बाजू. दुष्काळी मुलूख, ऊसतोडीला जाणारी गावं. आई १९८० नंतर लगेच नोकरीला लागली आणि सगळी नोकरी उपकेंद्रांवर केली. पाचवीला तिनं कधी विरोध केला नाही. त्या दिवशी घरात सगळ्या बायका एकत्र असतात, सासू बोलायच्या तयारीत असते, म्हणून ती मुद्दाम त्याच सुमारास जायची. नाळ बघायची, झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करायची, बाळंतिणीला अंगावर किती जातंय हे तिच्या कानाशी लागून विचारायची, आणि घरी येऊन रजिस्टरात लिहायची.

ती रजिस्टरं पाहत मी मोठी झाले. गरोदर मातांचं वेगळं, लसीकरणाचं वेगळं, जन्म-मृत्यूचं वेगळं, पात्र जोडप्यांचं, म्हणजे कुटुंबनियोजनासाठी मोजलेल्या जोडप्यांचं, सगळ्यात जाड. पुढे मातांच्या आणि बाळांच्या सरकारी आरोग्यसेवेचा इतिहास जमेल तसा वाचायला लागले, तेव्हा त्या रजिस्टरांच्या रकान्यांकडे बघायची माझी नजर बदलली. गेल्या दीडशे वर्षांत आपलं सरकार बाळंतिणीच्या दारात पुष्कळदा आलं, पण बहुतेक वेळा दुसऱ्याच कशासाठी तरी आलं. कधी साम्राज्याच्या प्रतिष्ठेसाठी, कधी गिरणीतल्या हातांसाठी, कधी लोकसंख्या रोखण्यासाठी. जे हवं होतं त्याचेच रकाने आखले गेले. तिचा जीव वाचवणं हेच काम आहे असं ठरून सरकार आलं ते फार उशिरा. ते आल्यावर केवढा फरक पडला हे मी माझ्या घरात दोन पिढ्यांत पाहिलंय, म्हणून हे लिहावंसं वाटतं.

सुरुवात सरकारबाहेर झाली. १८६३ साली पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. वाकडं पाऊल पडलेल्या विधवेनं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. अशा बाईसाठी त्या काळी सरकारकडे होतं ते कोर्ट आणि तुरुंग. मूल मारलं तर खटला भरायला यंत्रणा होती, मूल जन्माला घालायला नव्हती. आपल्याकडच्या प्रसूतिगृहांचा इतिहास सांगताना लोक इंग्रजांच्या दवाखान्यांपासून सुरू करतात, पण त्याची खरी पहिली ओळ फुल्यांच्या घरात लिहिली गेली असं मी मानते.

इंग्रज सरकारला बाळंतिणीची आठवण आली ती १८८० च्या दशकात. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांचा निधी १८८५ साली उभा राहिला. हिंदुस्थानातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नाहीत, म्हणून स्त्री-डॉक्टर, नर्सा आणि सुइणी तयार करायच्या, हा त्याचा उद्देश. त्याआधीच मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी अशाच कामासाठी पैसा उभा केला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे मुलींना उघडले, इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची आल्या, आणि पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं. बायका-मुलांसाठीचं, आणि बायकांनीच चालवलेलं. या कामांत सरकारनं नाव दिलं, आशीर्वाद दिला, थोडीफार मदत दिली. पैसा बहुतेक देणगीदारांचा. कामा अजून उभं आहे आणि आता पूर्ण सरकारी आहे. मुंबईतल्या कितीतरी गरीब घरांचे जन्मदाखले तिथले आहेत.

त्याच वर्षी, १८८६ च्या मार्चमध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला होता, आणि तिथून त्यांचा हा रस्ता सुरू झाला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. त्यांचा प्रबंध कशावर होता हे मात्र कमी सांगितलं जातं. प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली होती. ती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं त्यांचं निधन झालं, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. मला त्या नेमणुकीचं मोल फार वाटतं. एका संस्थानी सरकारला आपल्या बायकांसाठी एक मराठी डॉक्टरीण पगार देऊन नेमावीशी वाटली, ही त्या काळात साधी गोष्ट नाही.

या सगळ्या हालचालींतून जे उभं राहिलं ते शहरांत राहिलं. खेड्यात बाळंतपण सुइणीच्या हातात होतं. १९०३ साली तेव्हाच्या व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांच्या पुढाकारानं व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ निधी निघाला, सुइणींना शिकवण्यासाठी. त्या काळच्या सरकारी कागदांत सुईण म्हणजे घाणेरडी, अडाणी, बायका मारणारी असं चित्र असतं. आईनं सुइणींबरोबर आयुष्य काढलं. तिचं मत असं की सुईण अडाणी नव्हती, एकटी होती. बाळ आडवं आलं, वार अडकली, रक्त थांबेना, तर पुढे कुणाकडे न्यायचं हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं, कारण पुढे कुणी नव्हतंच. बहुतेक सुइणी गावकुसाबाहेरच्या, दलित. ज्यांचा हात एरवी चालायचा नाही, त्यांच्याच हातात गावानं आपली बाळं जन्मू दिली, वर विटाळही त्यांच्याच माथी मारला आणि मेलेल्या बाळंतिणीचा ठपकाही.

मग गिरण्या आल्या. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त तान्ही मुलं दगावली. या आकड्यात एक गोम आहे. कोकण-घाटावरच्या बायका बाळंतपणाला गावी जायच्या, जन्माची नोंद तिकडे व्हायची, आणि दोन महिन्यांचं बाळ घेऊन चाळीत परतल्यावर मृत्यूची नोंद इकडे. म्हणून आकडा फुगलेला आहे. पण फुगवटा काढला तरी उरतं ते भयंकरच, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत सगळ्यात भयंकर. त्याच सुमारास मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स नावाच्या बाई डॉक्टरांना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करायला नेमलं. त्यांना आढळलं की गिरणीत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईच्या बाळाला अफू दिली जाते. बाळागोळी म्हणून ती उघड विकत मिळायची. आई पाळीला गेली की बाळानं रडू नये, भूक लागू नये, निजून राहावं. ती गोळी देणाऱ्या आईवर कुणी बोट उगारलं की मला राग येतो. ती दहा तास साच्यावर उभी राहणार होती आणि घरी बाळाला बघायला कुणी नव्हतं, मग तिनं काय करायचं होतं?

बाळंतपणाच्या रजेचा कायदा याच चाळींतून वर आला. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रयत्न केला, तो फेटाळला गेला. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली पुन्हा विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि लोकांचं कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी असल्यानं हा बोजा सरकारनंही उचलायला हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आईची विश्रांती ही सार्वजनिक गोष्ट आहे, तिच्या नवऱ्याची किंवा मालकाची मेहरबानी नव्हे, हे आपल्या कायदेमंडळात इतक्या स्वच्छपणे तेव्हा मांडलं गेलं. १९२९ चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा हा देशातला असा पहिला कायदा. गिरणीतल्या बाईला काही आठवड्यांची रजा आणि दिवसाला आठ आणे. देशभराचा कायदा व्हायला १९६१ उजाडलं आणि रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर जायला २०१७. एवढं होऊनही शेतात, वीटभट्टीवर, उसाच्या फडात राबणाऱ्या बाईपर्यंत तो पोचतच नाही. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर जन्मानं नाशिकचे. हजार बाळंतपणांमागे साधारण वीस माता मरतात, वर्षाला दोन लाख, आणि हजार बाळांतली १६२ वर्षाच्या आत जातात, असा समितीचा अंदाज होता. आजच्या मोजमापात मांडलं तर लाखामागे दोन हजार माता. समितीनं मागितलं तेही तेवढंच मोठं. तातडीची सोय म्हणून चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार मिडवाइफ आणि चार शिकवलेल्या सुइणी. पुढच्या टप्प्यात दहा-वीस हजार वस्तीला पंचाहत्तर खाटांचं रुग्णालय. उपचाराचे पैसे देता येत नाहीत म्हणून कुणी वंचित राहू नये, हे तत्त्व समितीनं मान्य केलं होतं. हे वाचताना माझा ऊर भरून आला होता, आणि त्यातलं किती झालं हे आठवून बसलाही होता.

झालं ते असं. १९५२ च्या गांधी जयंतीला सामूहिक विकास योजना निघाली आणि तिच्यातून गटागटाला एक आरोग्य केंद्र मिळू लागलं. एका केंद्राखाली साठ हजार, लाख माणसं. मागितलेल्या बारा स्त्री-कर्मचाऱ्यांच्या जागी एखादी-दुसरी. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि ही केंद्रं त्यांच्याकडे गेली. पुढे पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांमागे, असा निकष ठरला. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल आणि एक बाई. सरकारी नाव सहायक परिचारिका प्रसाविका. गावात नर्सबाई, सिस्टर, किंवा नुसतंच “बाई”.

त्या बाईचं काम मी जवळून पाहिलंय. दीड वर्षाचा कोर्स केलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी, परक्या गावात, रात्री एकटी. आईच्या उमेदवारीच्या काळात सुया-सिरिंजा पातेल्यात उकळून घ्यायच्या असत. १९८५ नंतर सार्वत्रिक लसीकरण आलं तेव्हा बर्फाची पेटी खांद्याला लावून एसटीनं, नाहीतर चालत. गरोदर बाईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं द्यायची, यावर तिनं जिवाचं रान केलं. बायका घाबरायच्या, “पोटातल्या पोराला टोचतंय का बाई?” म्हणून विचारायच्या. लोहाच्या गोळ्या न्यायच्या आणि कणगीमागे ठेवून द्यायच्या, कारण शौचाला काळं होतं, पोट बिघडतं, आणि सासू म्हणते की फार खाल्लं तर पोर मोठं होईल अन् अडेल. आई गोळ्या आठवड्याच्याच द्यायची, म्हणजे पुढच्या आठवड्यात परत त्या घरी जायला निमित्त मिळायचं.

सुइणींसाठी छोट्या पुड्या आल्या. साबण, नवं ब्लेड, नाळ बांधायला दोरा, खाली अंथरायला प्लास्टिकचा कागद. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळेला काहीही लावायचं नाही. आमच्या गावातली म्हातारी सुईण, जिला मी आत्या म्हणायचे, ती पुडी ट्रंकेत कुलूप लावून ठेवायची आणि बोलावणं आलं की ट्रंकेसमोर हात जोडून बाहेर काढायची. आईनं तिला शेणाचं पाप-पुण्य काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “आत्या, सहा महिने माझं ऐका, मग तुमचं.” सहा महिन्यांनंतर पुन्हा शेणाचं नाव निघालं नाही. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. वर्तमानपत्रात ती बातमी लहानशी होती. आजीच्या त्या दोन बाळांचा आजार आता देशात विरळा झाला होता. आईनं ती कापून ठेवली.

आता त्या जाड रजिस्टराबद्दल. १९७३ साली कर्तारसिंग समितीनं सुचवलं की हिवतापाची, देवीची, कुटुंबनियोजनाची वेगवेगळी माणसं ठेवण्यापेक्षा एकच बहुउद्देशीय कार्यकर्ता असावा. म्हणून प्रसूतीसाठी शिकवलेली नर्स सगळ्याच कामांची झाली, आणि प्रत्यक्षात एका कामाची झाली. आणीबाणीत जे घडलं ते सर्वांना माहीत आहे. आपल्या विधिमंडळानं १९७६ साली तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आणीबाणी गेली, सक्ती गेली, टार्गेट राहिलं, फक्त पुरुषांवरून बायकांवर सरकलं. वर्षाला नसबंदीच्या इतक्या केसेस. मार्च जवळ आला की आईचा चेहरा उतरायचा. तालुक्याच्या मीटिंगमध्ये तिला कुणी विचारत नसे की तुझ्या गावांत यंदा किती बाळंतिणी सुखरूप आहेत. विचारत, की किती ऑपरेशनं झाली. ज्या बाईच्या दारात ती नाळ बघायला जायची, त्याच दारात केस मागायला जावं लागायचं, आणि मग त्या घरची सासू तिला लांबून येताना पाहून सुनेला आत पाठवायची. कुटुंबनियोजन बायकांना नको होतं असं मुळीच नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हापासून ती बाईचीच गरज होती, आणि १९३८ साली आंबेडकरांच्या पक्षानं मुंबई विधिमंडळात तो ठराव मांडला तोही बाईच्या जिवासाठीच. तिची गरज कोट्यात बदलली तेव्हा विश्वास गेला. १९९६ साली टार्गेटं अधिकृतपणे काढून टाकली. विश्वास भरून यायला आणखी बरीच वर्षं लागली.

याच काळात सरकारबाहेर दोन ठिकाणी वेगळं काही शिजत होतं, आणि दोन्ही महाराष्ट्रातच. आमच्या शेजारचं जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे आले. हजारी १७६ बालमृत्यूचा मुलूख. त्यांनी गावातल्या अक्षरशत्रू, कितीतरी दलित, परित्यक्ता बायकांना आरोग्यसेविका बनवलं. सरकारनंही १९७७ साली गावोगाव स्वयंसेवक नेमले होते, पण निवड केली बहुतेक पुरुषांची! बाळंतिणीच्या खोलीत पुरुष स्वयंसेवक काय करणार होता, हा प्रश्न दिल्लीत कुणाला पडला नसावा. जामखेडच्या बायकांना तो पडायचं कारणच नव्हतं.

दुसरं ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तिथे काम केलं. नवजात बाळ दवाखान्यात येऊ शकत नसेल तर उपचार त्याच्या खाटेपाशी न्यायचे, हा विचार. एकोणचाळीस गावांत आरोग्यदूत बायकांना शिकवलं. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, कमी वजनाचं बाळ उबेत कसं ठेवायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसं द्यायचं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण, शेजारच्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं आणखी एक गोष्ट उघड केली, की राज्यात जितकी बाळं मरतात त्यातली फार थोडी सरकारच्या कागदावर येतात. आईला हे नवं नव्हतं. बालमृत्यू जास्त लिहिले की वरून विचारणा व्हायची, कमी लिहिले की कुणी विचारत नसे. तरी ती लिहायची, आणि दर वेळी खुलासा द्यायची.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्याच्याबरोबर आशाताई. गावचीच सून, गावातच राहणारी. आई म्हणते, नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत मी गावाला शोधत फिरले, आशा आल्यावर गाव मला सापडलं. जननी सुरक्षा योजनेनं दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईच्या हातात थोडे पैसे ठेवले. २०११ पासून सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, रक्त, औषधं, जेवण, नेणं-आणणं सगळं मोफत झालं. त्याच वर्षी गडचिरोलीची पद्धत देशभर गेली. आशा बाळंतिणीच्या घरी सहा वेळा जाते, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. २०१४ मध्ये १०८ ची गाडी आली. रात्री अडलेल्या बाईला बाजेवर घालून चार माणसांनी उचलून नेण्याची पाळी आमच्या भागातून गेली.

फरक आकड्यांत दिसतो. महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये लाख जन्मांमागे १४९ माता मरत. २०१८-२० मध्ये ३३. देशाचा आकडा याच काळात ३०१ वरून ९७ वर आला. बालमृत्यू २०२० मध्ये राज्यात हजारी १६. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. आकड्यांचा कंटाळा येणाऱ्यांना मी सांगते, १४९ आणि ३३ यांच्यामधल्या बायका आज जिवंत आहेत, त्यांची पोरं शाळेत जातात.

पण त्याच पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. खाट मिळाली, गाडी मिळाली, पोटभर अन्न नाही. दवाखान्यापर्यंत आणण्याचं काम सरकारनं केलं. ती दवाखान्यात येताना कोणत्या अंगानं येते, याला जबाबदार कोण, हे अजून कुणाच्या टेबलावर नाही. आणि ज्या आशाच्या चालण्यावर हे आकडे उभे आहेत तिला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली गौरवलं, पण ती अजून ‘स्वयंसेविका’च. पगार नाही, मानधन. बेचाळीस दिवसांच्या त्या सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये. ती संपावर जाते तेव्हा लोक नाक मुरडतात, त्यांनी एकदा हा हिशेब करावा.

आता उसाच्या फडातली बाई. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या आणि बीडच्या गावांतून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली. कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या. खाडा झाला की दंड, त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यातली बाईही मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रकवर चढते. परत यायला मार्च-एप्रिल. तिच्या गरोदरपणाची नोंद इथल्या आशाकडे, तपासणीची वेळ येते तेव्हा ती तिथे. तिथल्या आशाच्या यादीत तिचं नावच नसतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं गाजली तेव्हा सरकारनं समिती नेमली. ब्याऐंशी हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी ऐन तिशीतल्या. पांढरं जातं, पोटात दुखतं, पाळीच्या दिवसांत खाडा होतो, मग खाजगी दवाखान्यात पिशवीच काढून टाकायची. कर्जाचा बोजा वर. पाळीच्या त्रासाचं साधं औषध, एखादी तपासणी, दोन दिवसांची पगारी विश्रांती एवढ्यानं जे भागलं असतं, त्यासाठी सरकारचं दार त्यांना सापडलं नाही, कारण सहा महिने त्या सरकारच्या कुठल्याच दाराशी नसतात. बाबासाहेबांनी गिरणीतल्या बाईसाठी जे मागितलं, ते फडातल्या बाईपर्यंत अजून पोचायचं आहे.

आई तिच्या परीनं एक करायची. टोळ्या निघण्याआधी प्रत्येक गरोदर बाईला एक चिठ्ठी लिहून द्यायची. कितवा महिना, रक्त किती, इंजेक्शन कधी दिलं, पुढचं कधी द्यायचं. वर लिहायची, “तिकडच्या सिस्टरांना नमस्कार. ही माझी बाई आहे, बघावी.” वसंतात काही चिठ्ठ्या परत यायच्या, मागच्या बाजूला अनोळखी अक्षरात वजन, तारीख आणि सही. कोल्हापूर, सांगली, कधी कर्नाटकातली. त्या नर्सांना आई कधी भेटली नाही.

आता मोबाइल आहे, प्रत्येक मातेला ऑनलाइन नंबर आहे, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसतो. चिठ्ठीचं काम यंत्रणेनं करायला काहीच अडचण नाही. कुठली टोळी कुठल्या कारखान्यावर जाते हे मुकादमाला आणि कारखान्याला महिनाभर आधी ठाऊक असतं. ती यादी आरोग्य विभागानं मागून घ्यावी, गरोदर आणि ओल्या बाळंतिणींची नावं तिथल्या केंद्राला कळवावीत, फडावर आठवड्याला एक नर्स जावी, आणि बाळंतिणीच्या खाड्याचे पैसे कारखान्यानं आणि सरकारनं मिळून भरावेत. आमच्या गावच्या आशाताईनं या हंगामाची नावं काढून ठेवली आहेत. नऊ गरोदर, चार तान्ही बाळं. ही यादी कुणाकडे द्यायची, असं तिनं मागच्या आठवड्यात आईला फोन करून विचारलं.